किती निघालं?

सातारा, मंगळवार, २१ मे २०२४

आबा,

नमस्कार नंतर घालते, आधी भांडून घेते.

फोन तुम्ही उचलत नाही. रविवारी विट्याच्या मेळाव्यातनं जे उठून गेलात ते थेट त्रिशूरला, आपल्या भट्टीपाशीच जाऊन थांबलात, असं आईनं कळवलं. इकडं कडेगावात, आपल्या घरी, ताट वाढलेलं होतं. तानुआत्यानं भावासाठी म्हणून सकाळपासनं आंब्याचा रस काढून ठेवलेला. शेवटी तो आम्ही दोघींनी संपवला. रडत रडत संपवला, पण संपवला.

आता मला सांगा, मी चुकीचं काय बोलले? गलाईवाल्यांचा मेळावा, तो केवढा मांडव, आसामपासनं केरळपर्यंत सोनं-चांदी गाळायला गेलेली आपली सगळी माणसं गोळा झालेली. आपल्यातली पोरगी पीएचडी करतेय म्हणून मला शाल आणि नारळ दिला. सूत्रसंचालक म्हणाला, "उत्कर्षाताई, तुमी प्रयोगशाळेत नेमकं काय करता, ते आपल्या माणसांना सोप्या भाषेत सांगा." मी अगदी सोप्या भाषेत सांगितलं, "मी सोन्यात चांदी मिसळते."

मागनं कुणीतरी ओरडलं, "बाप भेसळ काढतोय, पोरगी घालतीय, घरातल्या घरात धंदा हाय गड्या!" सगळा मांडव खो खो हसला. मीपण हसले हो. आणि पहिल्या रांगेत बघितलं तर तुमची खुर्ची रिकामी.

आईकडनं निरोप मिळाला. "तीस वर्सं त्रिशूरचे सराफ माझ्या शिक्क्यावर डोळं झाकून सोनं घेत्यात. तिला म्हणावं, काय मिसळायचं ते मिसळ, पर माझ्या नावासंगं सांगू नगंस." आबा, हे मला लागलं. लय लागलं. लहानपणापासनं कुठंही नाव विचारलं की 'उत्कर्षा लालासाहेब' असं जोडून सांगायची सवय आहे मला. आता मधेच तोडून कसं सांगू?

आणि एक गोष्ट तुम्हीच मला सांगा. कुणाचं मळकं सोनं शुद्ध करायला येतं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा त्यात काय घालता? चांदी! तिप्पट चांदी घालून वितळवता, मग तेजाबात सोडता. चांदी तेजाबात विरघळते आणि सोनं तळाला उरतं. मी पाचवीत असताना भट्टीपाशी फतकल मारून बसून हे बघितलंय. म्हणजे मिसळता तुम्हीपण. तुम्ही पुन्हा काढता, मी काढत नाही, एवढाच काय तो फरक. विट्याच्या मांडवात हे सांगायचं सुचलं नाही, नाहीतर तिथंच सांगितलं असतं.

पुढच्या वर्षी माझी शेवटची तोंडी परीक्षा आहे. ती खुली असते, कुणीही येऊन ऐकावं, कुणीही प्रश्न विचारावा. त्या दिवशी पहिल्या रांगेत मला तुम्ही पाहिजे आहात, आणि मधेच न उठणारे पाहिजे आहात. तोवर मी पत्रं लिहिणार. फोन बंद ठेवता येतो, पोस्टमनला कसं बंद ठेवाल?

तुमची (नको म्हणालात तरी),
उत्कर्षा


सातारा, रविवार, ७ जुलै २०२४

आबा,

आईचा फोन आला होता. म्हणाली, "त्यांनी काय विचारलं न्हाई बरं का. मलाच आपलं वाटलं विचारावं, की पोरगी एवढं मिसळतीय तर शेवटी निघतं किती?"

वा! जी बाई तीस वर्षांत भट्टीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही, तिला म्हणे हा प्रश्न पडला. गिऱ्हाईक दारात आलं की तुमच्या तोंडातनं पहिला शब्द निघतो तोच हा. तर "आईच्या" प्रश्नाचं उत्तर देते.

काहीच निघत नाही. शून्य.

आता कपाळावरचा हात काढा आणि पुढं वाचा. आमचं यंत्र म्हणजे स्टीलच्या डब्यांची एक लांबलचक रांग, पाइपांनी जोडलेली. आतली हवा पंपांनी ओढून काढलेली. पहिल्या डब्यात बोटाएवढी धातूची कांडी सावकाश फिरत असते. तिच्यावर लेसरचा ठोका पडतो. ठोक्यासरशी धातूची इवलीशी वाफ होते आणि त्या वाफेवर आम्ही हेलियम वायूची गार फुंकर मारतो. वाफेतले अणू गारठून एकमेकांना धरतात. कुठं चार, कुठं सहा, कुठं दहा. ह्याला इंग्रजीत क्लस्टर म्हणतात. मी आणि पल्लवी घड म्हणतो. पल्लवी माझी यंत्रावरची जोडीदारीण, पलूसची, घरची द्राक्षबाग. तिला घडाशिवाय दुसरं काही सुचतच नाही.

तुम्ही म्हणाल, मुशीत वितळवता येतं की, वाफ कशाला? आबा, मुशीत सोन्याच्या एका अणूभोवती इतका मोठा गोतावळा असतो की त्याचा स्वतःचा स्वभाव कळतच नाही. हवेत तरंगणाऱ्या सहा अणूंच्या घडाला मूस नाही, तेजाब नाही, शेजारपाजार नाही. तो अगदी स्वतःसारखा वागतो. मग त्याच्या वाटेत आम्ही थोडा ऑक्सिजन सोडतो आणि बघतो, पकडतोय का सोडून देतोय. पुढं एक लांब नळी आहे. हलके घड तिच्यातनं आधी पोचतात, जड मागनं. जे जे पोचेल त्याची संगणकावर रेघ उमटते. घडाच्या रेघेपुढं ऑक्सिजनच्या वजनाएवढ्या अंतरावर नवी रेघ उगवली की समजायचं, पकडला! एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मग ते घड काही डब्यांच्या भिंतींना चिकटतात, बाकीचे पंपात जातात.

व्हय, सोनं पंपात. आपल्या घरात भट्टीपुढचं पायपुसणंसुद्धा जाळून त्यातनं सोनं काढतात आणि मी ते पंपात घालवते. हे वाचून तुम्हाला जेवण जाणार नाही, मला माहीत आहे. आईला म्हणावं, दोन दिवस गोड कर.

बरं, आता कामाचं बोलते. आमची कांडी नासलीय. इथल्या एका कारागिराकडनं सोनं-चांदी ओतून घेतली होती, पण कांडीत कुठं चांदी जास्त, कुठं कमी. काल दिसलेली रेघ आज दिसत नाही. वर तांब्याच्या, जस्ताच्या नको त्या रेघा उगवतात. परदेशातनं मागवायची तर सहा महिने जातील, असं आमच्या मॅडम म्हणतात. हे काम मॅडमच मला शिकवतात, पण धातू ओतायचा म्हटलं की त्याही हात टेकतात.

मला सगळीकडं सारखी मिसळलेली कांडी पाहिजे आहे. तीन भाग सोनं, एक भाग चांदी. अशी मूस माझ्या माहितीत एकच आहे आणि ती त्रिशूरला आहे. आबा, ओतून द्याल? ज्यानं जन्मभर शुद्ध केलं त्याला बिघडवायला सांगतेय, हे कळतंय मला. काम झालं की उरलेली कांडी परत आणून देईन.

तुमची,
उत्कर्षा


कडेगाव, रविवार, ८ सप्टेंबर २०२४

आबा,

काल गणपतीसाठी कडेगावला आले तर दारातच तानुआत्या म्हणाली, "तुझ्या बाचं पार्सल आलंय. लय जड हाय. उघडलं न्हाई मी, पर हलवून बगितलं."

पळतच आत गेले. मल्याळी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन कांड्या. एक नुसत्या सोन्याची. एक नुसत्या चांदीची. दोन्हीवर तुमचा शिक्का. आणि कागदाच्या कपट्यावर आईच्या अक्षरात: "ते म्हणत्यात, मिसळल्यालं माझ्या हातनं भाईर जायाचं न्हाई. मिसळायचं तिचं तिनं."

मी इतकी चिडले, इतकी चिडले की मोदकाचं सारण करता करता त्यातलं निम्मं मीच खाल्लं. आत्यानं परात उचलून आत नेली. मी तिच्या मागं मागं जाऊन बडबडतेय, "एवढा हट्टी माणूस! एक साधी कांडी मागितली तर..." आत्या म्हणाली, "अगं, त्येचं पयल्यापासनं असंच हाय. ल्हान हुता तवा आईनं दुधात साखर घातली की रडायचा. दूध येगळं दे, साखर येगळी दे. दूध पिऊन झालं की साखरंची फक्की मारायचा." आणि आपणच हसत सुटली. मलापण हसू आलं. आबा, खरं का हो हे?

दुपारी दोन्ही कांड्यांचा फोटो मॅडमना पाठवला आणि खाली लिहिलं, "वडिलांनी मिसळून दिलं नाही, सॉरी." थोड्याच वेळात त्यांचा फोन. मॅडम एरवी कशालाही चांगलं म्हणत नाहीत. त्या ओरडल्या, "अगं, सॉरी कसलं! दोन कांड्या, दोन लेसर!"

जगात काही ठिकाणी असं करतात म्हणे. दोन कांड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, दोघींवर वेगवेगळा लेसर मारायचा आणि वाफा हवेतच मिसळू द्यायच्या. एका लेसरचा जोर कमी-जास्त केला की चांदी हवी तेवढी घालता येते. आम्ही त्या वाटेला कधी गेलोच नव्हतो, कारण आमच्याकडं लेसर एकच आणि एवढ्या शुद्ध कांड्या नव्हत्या. आता कांड्या आल्या. शेजारच्या विभागात एक जुना लेसर धूळ खात पडलाय. पल्लवी उद्या घरच्या बेदाण्यांचा पुडा घेऊन तो मागायला जाणार आहे. म्हणाली, "आमच्या बेदाण्याला कुणी न्हाई म्हणत नाही."

म्हणजे तुम्ही हट्टानं जे दिलंत तेच आमच्या कामाला आलं. ह्याचा अर्थ तुमचा हट्ट बरोबर होता असा होत नाही. उगाच मिशीला पीळ देऊ नका.

आत्या म्हणतेय, गौरी जेवायला येऊ शकतात, भावाला काय झालंय. मी फक्त निरोप सांगतेय.

तुमची,
उत्कर्षा


सातारा, शनिवार, १४ डिसेंबर २०२४

आबा, आबा, आबा!

जमलं!

पहिले दोन महिने नुसती मारामारी होती. दोन लेसरचे ठोके एकाच वेळी पडेनात. एका कांडीची वाफ आधी येऊन निघून जायची, दुसरीची मागनं एकटीच यायची. पल्लवी कंटाळून म्हणाली, "ह्यांचं लग्न काय लागत न्हाई बाई." मग आम्ही दोघींनी सगळ्या तारा उपसल्या, पहिल्यापासनं जोडल्या, आणि गेल्या सोमवारी सकाळी चहा यायच्या आत पडद्यावर रेघांची रांग उभी राहिली. नुसतं सोनं, पाच सोनं एक चांदी, चार सोनं दोन चांदी, अशी पार नुसत्या चांदीपर्यंत. शाळेच्या कवायतीला पोरं उभी राहतात तशी. मी खुर्चीवर चढून नाचले. चहावाले काका कपबशी घेऊन दारात उभे, त्यांना वाटलं पाल निघाली.

आणि आबा, रेघांच्या मधली जागा कोरी होती. तांबं नाही, जस्त नाही, काही नाही. मॅडम पडद्याजवळ नाक नेऊन बघत होत्या. म्हणाल्या, "ह्या कांड्या कुठल्या म्हणालीस?" मी म्हटलं, "घरच्या." मला त्या क्षणी तुमचा लय अभिमान वाटला. नीट मिसळायचं तर आधी नीट शुद्ध असावं लागतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं.

खरी गंमत पुढं आहे. नुसत्या सोन्याचा सहाचा घड ऑक्सिजनला पकडतो, पण नाखुशीनं, अधनंमधनं. त्यातले दोन सोन्याचे अणू जाऊन तिथं चांदीचे दोन आले, की काही घड ऑक्सिजनला झडप घालून पकडतात आणि काही ढिम्म हलत नाहीत. अणू तेच, वजन तेच, आणि स्वभाव दोन! आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. तीन वेळा पुन्हा केलं. तरी तेच.

मग मॅडमनी ते घड हेलियम भरलेल्या एका नळीतनं सोडायला सांगितले. आटोपशीर बसलेला घड त्यातनं लवकर पोचतो, पसरलेला रेंगाळतो. तर काय, एकाच वजनाचे घड दोन टोळ्यांनी पोचले! संगणकावर गणित मांडून बघितलं. एका टोळीत चांदीचे दोन्ही अणू मध्ये बसलेत आणि सोनं कडेनं. हे घड ढिम्म. दुसऱ्या टोळीत चांदीचा एक अणू कोपऱ्यावर येऊन बसलाय, आणि ऑक्सिजन नेमका त्यालाच येऊन धरतो. नुसतं काय किती घातलंय हे बघून भागत नाही, कोण कुठं बसलंय तेपण बघावं लागतं. हे आमच्याआधी कुणी असं वेगवेगळं करून दाखवलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मिळालं तुला."

आता एक घरचं बोलते. तुम्ही पहिल्या रांगेत बसलात की मी एक बोलते आणि ती खुर्ची रिकामी दिसली की दुसरीच कुणीतरी बोलते. विट्यात त्या दिवशी तुम्ही उठल्यावर मी पुढं पाच मिनिटं बोलले म्हणे. मला त्यातला एक शब्द आठवत नाही.

आईला विचारलं, पत्रं वाचतात का? म्हणाली, "भट्टी इझल्यावर वाचत्यात. मला इचारत्यात, हेलियम म्हंजी काय. मला काय ठावं?" आबा, फुगा हवेत वर जातो ना, त्यात भरतात तो वायू. आणखी काय काय विचारायचं असेल तर आईला मधे कशाला घालता हो?

तुमची आनंदानं वेडी झालेली,
उत्कर्षा


सातारा, रविवार, २ मार्च २०२५

आबा,

तारीख आली. गुरुवार, २७ मार्च, सकाळी अकरा वाजता, आमच्या विभागाच्या सभागृहात.

आईचा काल फोन होता. ह्यावेळी तिला पडलेला प्रश्न असा: "तुमच्या त्या पेट्या आतनं पुसत आसशीला की. कशानं पुसता, फडक्यानं का कागदानं? आन् मग टाकता कुठं?" आई, तूसुद्धा ना! मी एवढी हसले की पल्लवी पळत आली.

तर ऐका. जाड कागदी फडकी असतात, स्पिरिटमध्ये भिजवून त्यांनी आम्ही डब्यांच्या भिंतींवरची काजळी पुसतो. धातू लागलेला कचरा साध्या कचऱ्यात टाकायची परवानगी नाही, म्हणून सगळी फडकी एका गोणीत भरून ठेवलीत. वर्षाची गोणी. मॅडमना विचारलं, घरी नेऊ का? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "वडिलांना माझा नमस्कार सांग, आणि गोणी घेऊन जा बाई." तुमच्या उरलेल्या दोन कांड्याही पुसून, कागदात गुंडाळून ठेवल्यात.

लग्नसराई आहे, भट्टी बंद ठेवणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. पाडव्याआधी सराफांची किती घाई असते तेही माहीत आहे. त्रिशूर काही सांगलीच्या शेजारी नाही. म्हणून रागानं लिहीत नाही, सरळ लिहिते. तुम्ही नाही आलात तरी मी पास होईन. मॅडमनी आताच तसं सांगितलंय. पण मग मी नुसती पास होईन. घरी येऊन आत्याला पेढा देईन आणि आम्ही दोघी पुन्हा रडत रडत काहीतरी संपवू.

पहिल्या रांगेतली डावीकडनं दुसरी खुर्ची. पहिलीवर आत्या बसेल. दुसरीवर ती तिची पिशवी ठेवणार आहे, तुम्ही येईपर्यंत.

या ना आबा.

तुमची,
उत्कर्षा


कडेगाव, सोमवार, ३१ मार्च २०२५

आबा,

तुमची गाडी आत्ता कुठं असेल कोण जाणे. काल गुढी उतरवली आणि तुम्ही दोघं मिरजेला निघालात. घर लगेच सुनं झालं. म्हणून हे पत्र. तुम्ही पोचाल आणि मागनं हे येईल.

गुरुवारी पहिल्या रांगेतनं तुम्हाला जे दिसलं नसेल ते सांगते.

अकराला पाच कमी होते. आत्या नवं लुगडं नेसून पहिल्या खुर्चीवर ताठ बसलेली. दुसऱ्या खुर्चीवर पिशवी. एक विद्यार्थी जागा नाही म्हणून पिशवीकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाला, तर आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा मागं जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. अकरा वाजले. मी सुरुवात केली. पिशवी तिथंच. मी पडद्याकडं तोंड करून बोलत राहिले, कारण खुर्च्यांकडं बघवत नव्हतं.

तिसऱ्या चित्रापाशी मागचं दार वाजलं. तुम्ही. पांढरा सदरा, खांद्यावर प्रवासाची पिशवी, मागं आई. आणि पायात काही नाही! आबा, सभागृहाच्या दारात चपला काढून आलात तुम्ही, भट्टीच्या खोलीत जाताना काढता तशा. तुम्ही अनवाणी त्या गुळगुळीत फरशीवरनं चालत आलात, आत्यानं पिशवी उचलली, तुम्ही बसलात. आईला आत्यानं आपल्याच खुर्चीवर सरकून अर्धी जागा केली. आणि मी "सोन्याचा सोन्याचा घड" असं दोनदा म्हणाले. पल्लवी सांगते, तिथनं पुढं मी निराळीच बोलले.

मग प्रश्न झाले. पुण्याहून आलेले परीक्षक कडक, त्यांनी चांगलं तासभर भाजून काढलं. शेवटी रीतीप्रमाणं म्हणाले, "सभागृहातल्या कुणाला काही विचारायचं आहे?" असं विचारतात आणि कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी हात वर झाला. तुमचा.

तुम्ही उठून उभे राहिलात. मला वाटलं, चाललात. आणि तुम्ही खणखणीत आवाजात विचारलंत, "किती निघालं?"

मला हसू आवरेना. मॅडम तोंडावर रुमाल धरून बसल्या. परीक्षकांना काही कळेना. ते म्हणाले, "आपण...?" तुम्ही म्हणालात, "मी गलाईवाला हाय. त्रिशूरला भट्टी हाय माझी. ह्या ज्या दोन कांड्या वापरल्या, त्या माझ्या. आन् ही पोरगी बी माझीच."

आबा, टाळ्या कुणी सुरू केल्या मला माहीत नाही. मला धड दिसतच नव्हतं. मी कसंबसं म्हटलं, "काही निघालं नाही आबा. शून्य." तुम्ही म्हणालात, "बगू की," आणि खाली बसलात. परीक्षकांनी माझ्या नावापुढं डॉक्टर लावलं ते त्यानंतर. माझ्या मते तो दिवस तुमच्या प्रश्नालाच संपला होता.

शनिवारी मी प्रबंधातल्या दुरुस्त्या द्यायला साताऱ्याला गेले, तेव्हा तुम्ही परसात काय केलंत ते मला आज सकाळी आत्यानं सांगितलं. काल तुम्ही काही बोलला नाहीत. पुरणपोळी वाढताना मी दोनदा विचारलं, गोणी कुठं गेली? तर म्हणालात, "तूप वाढ."

आज सकाळी आत्यानं काडेपेटी आणून हातावर ठेवली. म्हणाली, "त्यो गेल्यावर दे म्हणला हुता." उघडली. कापसात एक मणी. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. सोन्याचा म्हणावा तर फिका, चांदीचा म्हणावा तर पिवळा.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. आत्या सांगत होती, "आजाची मूस काढली माळ्यावरनं. फडकी जाळून राख केली, मळ सुटाया सवागी टाकून आटवली. दिसभर बसला हुता धुरात. मनी निघाला तवा पोरासारका हसला बग. मग तेजाबाची बाटली काढली. मी म्हणलं, आता चांदी काढून टाकतूया. तर बाटली हातात धरून लय येळ बसला. आन् तशीच परत आत ठिवली. म्हणला, तानू, ह्यातली चांदी काढत न्हाई. पोरीनं घातलीया, ऱ्हाऊ दे."

आबा, तीस वर्षांत मिसळलेलं काही तुमच्या हातनं बाहेर गेलं नव्हतं. मला माहीत आहे. आईला माहीत आहे. सगळ्या त्रिशूरला माहीत आहे.

मी मणी हातात घेऊन रडायला लागले तर आत्या रागावली. "रडतीस काय! पुढचं तर ऐक. घरातनं शिक्का मागवला त्येनं. तुज्या आईच्या पिशवीत हुता, संगंच आणला हुता. मनी पाटावर ठिवला, शिक्का वर धरला. मग म्हणला, लय बारका हाय गं, शिक्का मावंना. न्हाईतर मारला असता."

उद्या संध्याकाळी, तुम्ही पोचल्यावर, मी फोन करणार आहे. उचला.

तुमची,
डॉ. उत्कर्षा लालासाहेब